‘कामाचे हात’ काय सांगतात?

भाकऱ्या थापून झाल्या असतील, भांडी आवरली असतील, तर पदराला हात पुसा आणि जरा उजेडात या. आजच्या गप्पांसाठी आम्हाला तुमचे हात हवे आहेत. दोन्ही हात समोर धरा. आधी पालथे, मग उताणे.

नाही, आम्ही भविष्य सांगायला बसलेलो नाही. आयुष्यरेषा किती लांब, हातात पैसा टिकणार की नाही, ते आम्हाला कळत नाही. आम्हाला आज वेगळंच सांगायचं आहे. गेले काही दिवस गावोगावच्या मैत्रिणींशी बोलताना एक वाक्य आमच्या कानावर सारखं पडत होतं. कुणी म्हणाली, रात्री बोटांना मुंग्या येतात, झोपमोड होते. कुणी म्हणाली, सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही. कुणाची नखं पिचतात, कुणाच्या बोटांची पेरं गाठाळली आहेत. आणि प्रत्येकीच्या बोलण्याचा शेवट एकच : “चालायचंच, कामाचे हात आहेत.” रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा उमटला नाही की दुकानदारही हेच म्हणतो.

त्याचं म्हणणं खोटं नाही. राख, साबण, माती, दगड यांनी बोटांवरचे ठसे खरंच झिजतात. पण या एका वाक्याखाली आपण किती गोष्टी झाकून टाकतो! म्हणून आज हातांकडे बघायला माणसं कशी शिकली, त्यांना काय दिसलं आणि काय दिसायचं राहून गेलं, याची गोष्ट सांगणार आहोत.

आपल्याकडे हात दाखवणं म्हणजे नाडी दाखवणं. आजही म्हाताऱ्या बायका म्हणतात, “वैद्याला जरा हात दाखवून ये.” नाडी पाहण्याची ही रीत चरक-सुश्रुतांच्या जुन्या ग्रंथांत अशी सविस्तर सापडत नाही. ती नीट मांडली ती बरीच नंतरच्या शार्ङ्गधरसंहितेने. अंगठ्याच्या मुळाशी बोटं टेकवून वैद्याने काय ओळखावं, हे तिथे सांगितलं आहे. पुढे पुरुषाचा उजवा आणि बाईचा डावा हात पाहायचा, असा रिवाजही रूढ झाला.

बाईच्या बाबतीत हाताला आणखी एक कारण होतं. बाकीचं शरीर वैद्याला दिसतच नसे. सतराव्या शतकात मनुची नावाचा इटालियन माणूस मोगलांच्या राज्यात वैद्यकी करत असे. जनानखान्यात नाडी पाहायची तर पडद्याच्या आत हात घालावा लागे, हे त्याने लिहून ठेवलं आहे. जिभेचा रंग नाही, डोळे नाहीत, पोट नाही. आजारी बाई म्हणजे पडद्यामागचं एक मनगट. राजवाड्यात तसं, तर साध्या घरातही वेगळं काय होतं? परक्या पुरुषापुढे दुखणं सांगायचं नाही, दाखवायचं तर त्याहून नाही. कल्याणला 1865 साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी सातासमुद्रापार गेल्या त्या याच कारणाने. जाण्यापूर्वी 1883 मध्ये श्रीरामपूरच्या सभेत, म्हणजे बंगालमधल्या श्रीरामपूरला, त्यांनी हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची गरज आहे असं जाहीरपणे सांगितलं. 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्याच वर्षी मुंबईत बायकांसाठी, बायकांनीच चालवलेलं कामा हॉस्पिटल सुरू झालं. आनंदीबाई मात्र पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत गेल्या.

नाडी झाली मनगटाची. आता बोटांकडे येऊ. सुमारे 2400 वर्षांपूर्वी ग्रीस देशात हिपोक्रेटिस नावाचा वैद्य होऊन गेला. छातीत पू झालेल्या रोग्यांची नखं वाकतात, हे त्याच्या परंपरेतल्या ग्रंथांत नोंदलेलं आहे. बोटांची टोकं फुगतात, नख पोपटाच्या चोचीसारखं खाली वळतं. छातीतला आजार बोटाच्या टोकाला दिसावा, हे नवलच. पण ते खरं निघालं. फुप्फुसाचे जुने आजार, फुप्फुसाचा कर्करोग, काही जन्मजात हृदयविकार, यकृताचे आणि आतड्यांचे काही आजार, यांत बोटं अशी होतात हे डॉक्टर आजही पाहतात.

यावरची एक सोपी परीक्षा दक्षिण आफ्रिकेतल्या लिओ शॅमरॉथ या हृदयरोगतज्ज्ञाने 1976 मध्ये सांगितली. ती त्याला कुठे सापडली? स्वतःच्या हातावर! त्याला हृदयाच्या अस्तराचा संसर्ग पुन्हा पुन्हा झाला आणि आजारपणात आपली बोटं बदलतात हे त्याने टिपून ठेवलं. तुम्हीही आत्ता करून पाहा. दोन्ही हातांची एकाच नावाची बोटं, समजा दोन्ही तर्जन्या, नखाला नख लावून पाठीला पाठ भिडवा. नखांच्या मुळाशी शंकरपाळ्यासारखी बारीकशी फट दिसते का? दिसली तर ठीक. फट पार बुजली असेल, बोटांची टोकं फुगीर झाली असतील आणि हे अलीकडेच घडलं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. काही घराण्यांत बोटं जन्मापासूनच अशी असतात, त्यांनी घाबरायचं कारण नाही.

नखाची आणखी एक गंमत. आपल्या हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. मुळापासून टोकापर्यंत यायला त्याला सहा महिने लागतात. म्हणजे गेल्या सहा महिन्यांची वहीच ती. मोठा ताप, मोठी शस्त्रक्रिया किंवा उपासमार झाली की नखाची वाढ काही दिवस थांबते आणि त्या जागी आडवी खाच पडते. फ्रान्समधल्या बो नावाच्या डॉक्टरने 1846 मध्ये या खाचांवर लिहिलं. खाच मुळापासून किती पुढे सरकली त्यावरून आजार कधी होऊन गेला याचा अंदाज बांधता येतो. कोविडच्या तापातून उठलेल्या काही जणांच्या नखांवर अशा खाचा दिसल्या होत्या. त्या आपोआप पुढे जातात आणि नखाबरोबर कापल्या जातात.

आता हात उताणे करा. तळव्याचा रंग बघा. शेजारी सासू, जाऊ, लेक कुणी असेल तर तिचा तळवा आपल्या तळव्याशेजारी धरा. कुणाचा लालसर आहे, कुणाचा फिकट?

अंगातलं रक्त कमी होणं हा आपल्या बायकांचा घरोघरचा आजार. आयुर्वेदाने त्याला नावच रंगावरून दिलं : पांडुरोग, म्हणजे फिकटपणाचा रोग. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या दर शंभर बायकांतल्या 54 जणींचं रक्त कमी भरलं. अर्ध्याहून जास्त! याच आजाराचं एक मोठं कोडं सुटायला सुरुवात झाली ती आपल्या मुंबईत, हे मात्र फारशा कुणाला माहीत नसतं.

गोष्ट 1928 सालची. लूसी विल्स नावाची चाळिशीची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत होत्या, बाळंतपणात दगावत होत्या. त्याचं कारण शोधायचं होतं. आधी वाटलं, कुठला तरी जंतू असेल. जंतू सापडला नाही. लोह देऊनही या बायकांना उतार पडत नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी संख्येने कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. मग विल्सबाईंनी या बायका काय खातात त्याची चौकशी केली. ज्यांच्या ताटात भाजी, फळं, दूध जवळजवळ नव्हतंच, त्यांनाच हा आजार जास्त होत होता.

तसंच निकस अन्न त्यांनी उंदरांना आणि पुढे माकडांना देऊन पाहिलं. आजारी पडलेलं एक माकड बरं झालं ते मार्माइट खाऊन. मार्माइट म्हणजे इंग्रज लोक पावाला लावून खातात तो यीस्टचा खारट, काळा अर्क. औषधही नव्हे, वाण्याकडे मिळणारी स्वस्त वस्तू. तीच या गरोदर बायकांना दिली आणि त्यांचं रक्त वाढू लागलं. हे काम 1931 मध्ये छापून आलं. त्या अर्कात नेमकं काय होतं, हे कळायला आणखी दहा वर्षं लागली. 1941 मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ढीगभर पालकातून ते द्रव्य वेगळं काढलं आणि लॅटिन भाषेतल्या ‘पान’ या शब्दावरून त्याला नाव दिलं फॉलिक अॅसिड.

मैत्रिणींनो, गरोदरपणात उपकेंद्रात मिळणारी ती लाल गोळी आठवते ना? शौच काळं होतं, मळमळतं म्हणून आपल्यातल्या कितीतरी जणींनी ती उशाखाली ठेवून दिली असेल. त्या गोळीत लोहाबरोबर हे फॉलिक अॅसिड असतं. गिरणीत उभं राहून काम करणाऱ्या, आज आपल्याला नावंही माहीत नसलेल्या बायकांच्या रक्तावरून शिकलेला तो धडा आहे. त्या बायकांनाही कुणीतरी म्हणालंच असेल, कामाने अशी झाली आहे, बाळंत झाली की भरून येईल.

हाताकडे परत येऊ. रक्त कमी झालं की तळवे आणि नखांखालचा भाग फिकट पडतो. फारच कमी झालं तर तळव्यावरच्या रेषांचाही लालसरपणा जातो. लोह बरेच दिवस कमी पडलं तर नखं पातळ होतात, चमच्यासारखी मधे खोलगट होतात. बी-12 हे जीवनसत्त्व कमी झालं तर बोटांच्या पेरांवर काळपटपणा येऊ शकतो. पण एक लक्षात ठेवा. थोडंसं रक्त कमी असेल तर तळवा लालच दिसू शकतो. त्यामुळे तळवा लाल आहे म्हणून तपासणी टाळायची नाही. हिमोग्लोबिन 12 च्या खाली, आणि गरोदर असताना 11 च्या खाली, म्हणजे रक्त कमी. हा आकडा रक्त तपासूनच कळतो. आणि तपासायला जाताना एवढं करा, नखांना रंग लावून किंवा मेंदीने हात रंगवून जाऊ नका. दवाखान्यात बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजतात, त्यालाही नखरंगाचा आणि मेंदीचा अडथळा होतो.

गरोदर मैत्रिणींसाठी आणखी एक. सातव्या महिन्यात आपण हिरवा चुडा भरतो. त्या बांगड्या अचानक रुतायला लागल्या, अंगठी निघेनाशी झाली, तोंडावर सूज आली, वर डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधुक होतंय, असं असेल तर ‘बाळसं धरलंय’ म्हणून हसू नका. त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्या. पायावर थोडी सूज बऱ्याच जणींना येते, पण हातातोंडावर अचानक आलेली सूज आणि वाढलेला रक्तदाब आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतो.

आता आमच्या मूळ वाक्याकडे वळू. ‘कामाचे हात.’ हातांना कामाचे आजार होतात, हे डॉक्टरांनी मान्य करायलाही बराच काळ गेला. 1700 मध्ये इटलीतल्या रामाझिनी नावाच्या वैद्याने कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. त्यात परटिणी आणि सुईणींवरही प्रकरणं आहेत. रोग्याला वैद्याने विचारायच्या जुन्या प्रश्नांत त्याने एका प्रश्नाची भर घातली : तू काम काय करतेस? साधाच प्रश्न, पण किती मोलाचा! मात्र तो चौकशीची सुरुवात म्हणून विचारायचा होता. आपण त्याचंच उत्तर करून टाकलं. काम करतेस ना, मग दुखणारच.

पुढच्या डॉक्टरांनी दुखण्यातलं दुखणं वेगळं काढलं. विल्यम हेबर्डन हा लंडनचा डॉक्टर 1801 मध्ये वारला. दुसऱ्या वर्षी त्याच्या मुलाने त्याची टिपणं छापली. त्यात बोटांच्या शेवटच्या सांध्यांवर येणाऱ्या, वाटाण्याएवढ्या कठीण गाठींचं वर्णन आहे. पाळी गेल्यावर आपल्यातल्या बऱ्याच जणींना त्या येतात. सांध्यांच्या झिजेच्या या गाठी कुरूप दिसतात, कधी दुखतात, पण जिवाला धोका नसतो. आमवाताचं तसं नाही. त्यात बोटांच्या मुळाचे आणि मधले सांधे दोन्ही हातांना सारखे सुजतात, सकाळी तास-तासभर मूठ वळत नाही आणि बाई पार थकून जाते. त्यावर आज चांगली औषधं आहेत. लवकर सुरू केली तर बोटं वाकडी होणं टळू शकतं. दोन्ही बायका ‘बोटं दुखतात’ असंच म्हणतात. फरक बघितल्याशिवाय कळत नाही.

मुंग्यांचंही तसंच. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट रात्री बधिर होतं आणि हात झटकला की बरं वाटतं, याचा अर्थ मनगटातल्या अरुंद वाटेत शीर दबली आहे. पिळण्याच्या, कापण्याच्या, टाके घालण्याच्या कामाने ते होतं. पण गरोदरपणानेही होतं, मधुमेहाने होतं, थायरॉइड मंदावल्यानेही होतं. म्हणजे नुसता पट्टा बांधून भागत नाही, रक्तही तपासावं लागतं. आणि करंगळी बधिर झाली तर? ती गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. कारण ती आमची स्वतःची आहे.

आमच्या या गटातल्याच एका मैत्रिणीची. तिच्या परवानगीने सांगतो आहोत. ती खानावळीसाठी रोज शंभरावर भाकऱ्या थापायची. एकदा तव्याचा काठ तिच्या हाताला लागून राहिला आणि तिला कळलंच नाही. चामडी जळल्याचा वास आला तेव्हा शेजारच्या बाईने तिचा हात ओढला. फोड केवढा आला होता, पण ती हसून म्हणाली, “बघा, भाकऱ्या करून करून हात निबर झाला.” आम्हीही हसलो. “कामाचे हात गं तुझे,” असं आम्हीच म्हणालो. पुढे करंगळी आणि शेजारचं बोट वाकायला लागलं. एका दवाखान्यात तिला ताकदीची इंजेक्शनं दिली. आठ महिने गेले. शेवटी घरोघरच्या पाहणीला आलेल्या आशाताईंनी तिच्या दंडावरचा फिकट चट्टा पाहिला, डोळे मिटायला सांगून पेनाचं टोक टेकवलं. तिला काही जाणवलं नाही. तो कुष्ठरोग होता.

हा रोग आपल्या मुलखाला नवा नाही. सुश्रुतसंहितेत कुष्ठाच्या वर्णनात कातडीची बधिरता आणि बोटं झडणं दोन्ही आहे. नॉर्वेच्या हॅन्सनने 1873 मध्ये त्याचा जंतू दाखवला, म्हणजे हे पूर्वजन्मीचं पाप नाही हे सिद्ध झालं. पण माणसांची वागणूक बदलली नाही. रोग्यांना वेगळं ठेवण्यासाठी इंग्रज सरकारने 1898 मध्ये कायदा केला. मुंबईत त्याआधीच, 1890 मध्ये, नगरपालिकेचे आयुक्त अॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने माटुंग्याजवळ बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभं राहिलं होतं. बोटं कुजतात, झडतात, आणि हात लावला की आपल्यालाही होतं, असंच सगळे समजत होते. डॉक्टरसुद्धा.

ही समजूत मोडली ती वेल्लोरला. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक 1946 मध्ये तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. चेंगलपट्टूच्या कुष्ठरोग रुग्णालयात त्यांनी एका रोग्याशी हात मिळवला. बोटं पंजासारखी वाकलेली, पण पकड इतकी घट्ट की ब्रँडना कळ आली. त्यांच्या मनात आलं, हात लुळा दिसतो आहे, पण त्यातले पुष्कळ स्नायू तर चांगलेच जोरकस आहेत! मग एकदा गंजलेलं कुलूप त्यांच्याच्याने उघडेना, तेव्हा एका लहान मुलाने पुढे होऊन किल्ली सहज फिरवली. त्याच्या बोटातून रक्त गळत होतं, मांस पार हाडापर्यंत फाटलं होतं, आणि त्याला पत्ता नव्हता. ब्रँडना उलगडा झाला. बोटं रोगाने कुजत नव्हती. दुखणं कळत नसल्यामुळे माणसं रोज स्वतःला जखमी करत होती. गरम भांडं, खिळा, रात्री कुरतडणारे उंदीर, न बांधलेली जखम, असं करत करत बोट संपत होतं.

विचार करा मैत्रिणींनो, दुखणं किती मोठी राखण आहे आपली! ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1948 पासून हाताच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. चांगल्या स्नायूची दोरी सोडवून वाकलेल्या बोटांना जोडायची, की मूठ पुन्हा उघडते. आणि त्याहून मोठा उपाय म्हणजे रोज संध्याकाळी डोळ्यांनी हात-पाय तपासायचे. जिथे कातडी सांगत नाही, तिथे डोळ्यांनी राखण करायची.

आपल्या विदर्भात तर याआधीपासून काम चाललं होतं. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये, अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये तपोवनात, आणि बाबा आमटे व साधनाताईंनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती काढून पुढे वरोऱ्याजवळ आनंदवनात. समाजाने ज्या हातांना भीक मागायला बसवलं होतं, त्याच हातांनी विहिरी खणल्या, शेती केली, माग चालवले. कामाचे हात या शब्दांचा खरा मान तिथे राखला गेला.

1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधं एकत्र देण्याची पद्धत सांगितली. सहा महिने किंवा बारा महिने गोळ्या, त्याही फुकट. औषध सुरू झालं की लागण पसरणं लवकरच थांबतं. 2005 अखेर देशाने हा रोग दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्णांवर आणला. तो संपला मात्र नाही. आजही दर वर्षी देशात लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात.

आमच्या मैत्रिणीने बारा महिने गोळ्या घेतल्या. रोग गेला. करंगळीची बधिरता मात्र पूर्ण गेली नाही, कारण शीर आठ महिने वाट पाहत बसली होती. जंतू मरतो, पण फार दिवस दुखावलेली शीर पुन्हा पहिल्यासारखी होईलच असं नाही. आता ती लाकडी मुठीचं उलथनं वापरते, तव्याला फडकं धरते आणि रात्री दिव्याखाली हात तपासते. पहिले काही महिने तिने औषधाची पिशवी धान्याच्या डब्यात लपवली होती. सासरी कळलं तर घराबाहेर काढतील ही भीती. ती भीती निराधार नव्हती. आपल्या देशात 2019 पर्यंत कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं! त्या वर्षी संसदेने ते वेगवेगळ्या पाच कायद्यांतून काढून टाकलं. हे तुमच्या शेजारीपाजारी सांगा. भीती गेली तर हात लवकर पुढे येतील.

आपल्यात म्हण आहे, हात दाखवून अवलक्षण. त्या म्हणीचा धाक डॉक्टरकडे जाताना बाळगू नका. हात दाखवल्याने आजार होत नाही, असलेला फक्त कळतो. आणि हेही ध्यानात ठेवा की हात निकाल देत नाही. तो प्रश्न विचारतो. उत्तर तपासणीतून येतं.

तेव्हा महिन्यातून एकदा, पौर्णिमेला म्हणा किंवा बचतगटाच्या बैठकीला म्हणा, एकमेकींचे हात पाहू या. तळवा फिकट पडला का? नखं खोलगट झाली का? निळसर दिसतात का? बोटांची टोकं फुगली का? सांधे दोन्हीकडे सारखे सुजले का? हात उगाच थरथरतात, घामेजतात का? बोट बधिर आहे का, फिकट चट्टा आहे का, भाजलेलं कळलं नाही असं झालं का? यातलं काही नवं दिसलं तर आशाताईंना सांगा, उपकेंद्रात नाहीतर आरोग्य केंद्रात जा. एका ठिकाणी ‘कामाने होतं’ असं सांगून परत पाठवलं आणि त्रास थांबला नाही, तर दुसरीकडे जा.

आमची मैत्रीण आज आमच्या शेजारीच बसली आहे. हे सगळं लिहून झाल्यावर आम्ही तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “एक राहिलं. त्यांना सांगा, आपण एकमेकींच्या हातातल्या बांगड्या बघतो, मेंदी किती रंगली बघतो. तेव्हाच जरा हातही बघत जा.”

तेवढंच सांगायचं होतं. नमस्कार.